सुभेदारांच्या माघारी राघू कुणाचा

लग्न होऊन कोरेगावजवळच्या सासरी आले, तेव्हा पहिले काही दिवस मी एका पाखराला बघून डोक्यावरचा पदर सावरत होते. हसायचं असेल तर खुशाल हसा. सोप्यातून थोरल्या मामंजींचा आवाज यायचा, "चहा झाला का?" की मी धडपडत पदर पुढं ओढायची आणि कपबशी घेऊन जायची. बघते तर सोपा रिकामा, मामंजी रानात, आणि पिंजऱ्यातला राघू मान तिरकी करून मलाच न्याहाळतोय. मी म्हटलं, "मेल्या, तुला पाजू का चहा?" त्यावर तो थोरल्या मामंजींच्याच आवाजात म्हणाला, "व्हय व्हय."

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर जे पहिलं बरं पीक आलं, त्यावर माझं लग्न झालं. मी आटपाडीकडची. कोरडा मुलूख, माणसंही फटकळ. माझ्या जिभेला हाड नाही असं आमची आई म्हणायची. नवरा फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीला यायचा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी, शेती बघणारे माझे सासरे, आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे थोरले मामंजी. ते सुभेदार होऊन पेन्शनीत निघालेले. बायको ऐन तारुण्यात गेली, मूलबाळ नाही. गाव त्यांना सुभेदारच म्हणायचं. सासऱ्यांचे धाकटे दोघे भाऊ बाहेर. एकाची लोणंदला कांद्याची वखार, एक सांगलीला हळदीच्या पेठेत दिवाणजी.

राघू म्हणजे आपला हिरवा नव्हे. राखेच्या रंगाचा, चोच काळी आणि शेपूट तेवढी लालभडक. गावातली माणसं म्हणायची, "सुभेदार, ह्येचा रंग कुठं उडाला? उन्हात ठिवला हुता का?" सुभेदारांनी तो आफ्रिकेतून, काँगोतून आणला होता. आपली पलटण तिथं शांतिसेनेत गेली होती. तिथल्या दंगलीत एक गोरा माणूस घरदार टाकून पळाला, आणि व्हरांड्यातला पिंजरा तसाच मागं राहिला. सुभेदार तिथं पोचले तेव्हा पाखरानं छातीवरची पिसं स्वतःच उपटून काढली होती. उघडी, गुलाबी छाती. ते सांगायचे, "मानसं मेलेली बघितली, काय वाटलं न्हाई. ह्येला बघितलं आन रडू आलं बघ." त्यांनी त्याला मांडीवर घेऊन भात भरवला. मग बोटीनं, रेल्वेनं, एसटीनं कोरेगावला आणला. हळूहळू पिसं परत आली. राघू अजून कधीकधी त्या गोऱ्याच्या भाषेतलं काहीतरी पुटपुटायचा. काय ते आम्हाला कुणाला कळलं नाही.

सुभेदारांच्या अंगावरून पहिल्यांदा वारं गेलं, तेव्हा डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं. खाट सोप्यात टाकली आणि समोरच्या खुंटीला पिंजरा अडकवला. औषधपाण्याची त्यांना फिकीर नव्हती. एकच घोर लागला.

"सूनबाई, मी काय, आज हाय उद्या न्हाई. ह्यो मागं ऱ्हाणार. ही जात मानसायेवढी जगती. एकदा मालक गेलेला ह्येनं बघितलाय. आता दुसऱ्यांदा कोण?"

मी म्हटलं, "आवं, तुमाला काय व्हतंय!" असं म्हणायचं असतं म्हणून म्हटलं. त्यांनी हात झटकला.

मग शोध सुरू झाला. त्यांच्या पलटणीतले एक जोडीदार पलीकडच्या गावात होते. निरोप धाडून बोलावलं. ते काठी टेकत आले, राघूनं त्यांना "सावधान!" म्हणून हुकूम दिला, ते पोट धरून हसले. मग विषय काढल्यावर म्हणाले, "गड्या, माझ्या म्हशी माझ्या माघारी कोण बघंल त्येचा मला पत्त्या न्हाई, आन तुझं पाखरू?" दोघं पुन्हा हसले. पण मग जोडीदारांचं हसणं थांबलं, आणि चहा न पिताच ते उठले.

माझे सासरे एकदा पिंजरा घेऊन साताऱ्याला जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरनं लांबूनच विचारलं, "चावतो का?" पुढं म्हणाला, पुण्याच्या प्राण्यांच्या बागेत देऊन टाका. सुभेदार खवळले. "तिथं पोरं खडं मारत्यात! माझ्या पोराला मी असा दिऊन टाकीन का?"

'माझ्या पोराला' म्हणाले ते. सासऱ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्या उन्हाळ्यात तेलाच्या मालिशसाठी सुभेदारांना सांगलीला धाकट्या मामंजींकडे ठेवलं. सोबत मी आणि अर्थातच पिंजरा. सांगलीत सुभेदारांचा एक जुना मित्र होता, जातीनं बागवान, फळांचा व्यापार करायचा. माडीवर कबुतरं पाळलेली. सुभेदारांची शेवटची आशा तिथं होती. बागवान आले, आंबे घेऊन आले, राघूपुढं बराच वेळ बसले. मग सरळ सांगितलं, "सुभेदार, तुमचा शबुद कवा मोडला न्हाई, पर ह्ये मला जमायचं न्हाई. मी तुमच्याच वयाचा. माझ्या माघारी माझी कबुतरं दुसऱ्याच्या माडीवर जाऊन बसतील. ह्येला मानूस लागतंय, तेबी एकच." मी त्या वेळी राघूला शेंगदाणा देत होते. तो माझ्या बोटातून अलगद घेऊन खात होता. बागवानांनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "आन काखेत कळसा ठिवून गावभर का हिंडताय?"

सुभेदार माझ्याकडं असं बघत राहिले की मला कसंनुसंच झालं. घरातली सून त्यांना तोवर दिसलीच नव्हती. दोन वर्षं मी त्या पाखराला हुरडा भरवत होते, त्याच्या पिंजऱ्यातली घाण काढत होते, तो माझ्या अंबाड्यावर बसून चोचीनं हेअरपिना उपसत होता. पण सून म्हणजे काय, रांजण नाहीतर उखळ. घरात असते, तिला कोण विचारतंय?

कोरेगावला परत आल्यावर एका सकाळी चहा घेऊन गेले, तेव्हा ते म्हणाले, "राघू तुला धार्जिणा हाय. सांभाळशील?"

मी एका शब्दात "व्हय" म्हटलं. पुढं असंही म्हटलं की मरेस्तोवर सांभाळीन, आणि मी आधी मेले तर माझ्या लेकीला सांगून मरीन. तेव्हा मला लेक नव्हती. सुभेदार हसले, उजव्या हातानं डोळे पुसले, आणि त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. नखं कशी कापायची. दिवेलागणीला पिंजऱ्यावर पलटणीतलं करडं ब्लँकेट टाकायचं, त्याशिवाय तो झोपत नाही. त्याच्यावर ओरडायचं नाही, तो मनाला लावून घेतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याची जागा हलवायची नाही, माणूस बदलायचं नाही.

"ध्यानात ठेव. माझ्यामागं हितंच, ह्याच खुंटीला, आन तुझ्याच हाताखाली."

मी म्हटलं, "मामंजी, माझ्या ध्यानात ऱ्हाऊन काय उपेग? भावांना सांगा. चौघांत सांगा. सुनेचा शबुद कोण धरतंय?"

"सांगतो की. बेंदराला सगळी जमत्यात, तवा सांगतो."

"आजच निरोप धाडा की आवं!"

"येडी का खुळी? पाखरासाठी भाऊबंद गोळा करू? लोक श्यान घालतील तोंडात. आन धाकट्या भावाला सोडून त्येच्या सुनेच्या हवाली क्येलं म्हटलं, तर त्येला काय वाटंल?"

हे एवढं मोठं माणूस, गोळ्यांपुढं छाती काढून उभं राहिलेलं, आणि भावाला काय वाटेल म्हणून गप्प. मला आजही त्यांचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, मी धरते.

बेंदूर यायच्या आधीच दुसऱ्यांदा वारं गेलं. या वेळी वाचा गेली. डोळ्यांत सगळं कळत होतं, उजवा हात हलत होता, पण तोंडातून घरघरीशिवाय काही नाही.

आणि मग मात्र भाऊबंद गोळा झाले. लोणंदचे आले, सांगलीचे आले. सोप्यात सुभेदारांच्या खाटेशेजारीच बैठक बसली. माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. आमच्या घरात सगळं पाळीनं चालायचं. विहिरीचं पाणी पाळीनं, देवाचा दिवा पाळीनं, आजेसासूबाईंना सुद्धा चार घरांनी पाळीनं सांभाळलेलं. एकावर भार पडला की तो अन्याय, अशी त्यांची समजूत. तेव्हा लोणंदचे म्हणाले, "थोरल्याला हलवता येत न्हाई, म्हंजे मानसाचा भार तुमच्यावर आला. मग पाखराचा तरी भार आमी उचलतो. दिवाळीपतुर माझ्याकडं, मग सांगलीला."

सांगलीचे म्हणाले, "बरुबर हाय. सूनबाईला तरी किती कामं?"

सुभेदारांचा उजवा हात खाटेच्या लाकडावर आपटायला लागला. धाड धाड. सासरे म्हणाले, "पाणी पायजे वाटतं." मी माजघराच्या दारातून बघत होते. मला कळत होतं काय पाहिजे ते. तेवढ्यात खुंटीवरून आवाज आला. सुभेदारांचा आवाज. भरदार, पूर्वीचा, वारं जायच्या आधीचा.

"व्हय व्हय."

सगळे एकदम दचकले, आणि मग हसले. लोणंदचे म्हणाले, "बघा, खुद्द सुभेदारांनीच हुकूम दिला! आता काय बोलायचं?" सांगलीचे तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. खाटेवरचा माणूस हात आपटत होता, आणि त्याचाच आवाज वरून होकार देत होता.

मी पदर खोचून बाहेर आले. म्हटलं, "थोरल्या मामंजींनी मला सांगितलंय. राघू हितंच ठेवायचा. ते न्हाई म्हणत्यात, बघा की त्यांच्या हाताकडं!"

मग माझे सासरे म्हणाले, रागानं नव्हे, शरमेनं म्हणाले, "सूनबाई, आत जा. थोरली मानसं बोलत्यात."

मी गेले नाही. तिथंच उभी राहिले. पण उभं राहून काय होतं? दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं पिंजरा लोणंदला गेला. ब्लँकेट न्यायचं राहिलं. मी हातात घेऊन वेशीपर्यंत पळाले, तोवर एसटी सुटली होती.

घर मुकं झालं. सुभेदारांचा आवाज लोणंदला निघून गेला आणि देह तेवढा आमच्याकडं राहिला. ते दिवसभर त्या रिकाम्या खुंटीकडं बघायचे. मी खाटेची दिशा फिरवली, तर मान वळवून बघायचे. पुन्हा होती तशी केली.

दिवाळीच्या आधी लोणंदला एका लग्नाला जायचं निमित्त मिळालं. अक्षता पडल्याबरोबर मी वखारीत गेले. कांद्याच्या ढिगाशेजारी पिंजरा ठेवलेला. हमाल ये-जा करताना गंमत म्हणून त्याला बोलतं करायचे. तो "चहा झाला का?" म्हणायचा, ते टाळ्या पिटायचे. घरी खाटेवर पडलेल्या माणसाचा आवाज इथं कांद्याच्या वखारीत तमाशा झाला होता. मी जवळ गेले, तर त्यानं मला ओळखलं. गजांतून चोच बाहेर काढली. आणि मला त्याची छाती दिसली. उघडी. गुलाबी.

मला भडभडून आलं. लोणंदच्या मामंजींना तिथंच म्हटलं, "मी ह्येला घिऊन जाते. आत्ता."

ते म्हणाले, "अगं, आता माझी पाळी सरायला आली, सांगलीची लागंल. मधनंच तू न्हेलंस तर धाकटा काय म्हणंल? त्येची पाळी हुकवली म्हणंल." मी सांगलीला निरोप धाडला. तिकडून उलट निरोप आला: माझी ना नाही, पण मी पाळी टाळली असं उद्या कुणी म्हणायला नको, लोणंदकरांनी आधी आणून पोचवावा. कांद्याचा हंगाम होता, लोणंदकरांना सवड नव्हती. हा म्हणे तू ने, तो म्हणे तू पोचव, आणि पाखरू आपलं पिसं उपटतंय. न्याय झाला म्हणायचा सगळ्यांना!

कोरेगावला परतले, तर सुभेदारांचे डोळे दाराकडंच लागलेले. मी म्हटलं, "भेटले हो. बराय. लय बोलतो. दाणं खातो. अंगावर चांगली चकाकी आलीय." ते माझ्याकडं बघत राहिले. मग डोळे मिटून घेतले. मी खोटं बोलले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच बोलेन.

पुढं थंडी सुरू झाली आणि त्या थंडीतच ते गेले. सकाळी पेज घेऊन गेले, तर मान खुंटीकडं वळलेली आणि अंग गार.

दहाव्याला सगळे नदीवर जमलो. तिन्ही भावांनी डोकी भादरलेली. बाया एका अंगाला बसलेल्या, त्यात मी. पिंड ठेवला आणि सगळे मागं सरले. समोरच्या बाभळीवर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. सासऱ्यांनी हात जोडले. "दादा, तुझ्या वाटणीचं रान इकणार न्हाई." कावळा हलला नाही. सांगलीच्यांनी तीर्थाला अस्थी न्यायचं कबूल केलं. कुणी देवळात घंटा बांधायचं बोललं, कुणी वर्षश्राद्ध चुकवणार नाही म्हणालं. ऊन चढत चाललं. म्हातारी माणसं कुजबुजायला लागली, "कायतरी अडकलंय बघ." भटजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करावा लागेल.

काय अडकलंय ते मला ठाऊक होतं, आणि मला वाटतं तिथं असलेल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी उठले. बायांनी पदर ओढून मला खाली बसवायला बघितलं. मी पदर सोडवून घेतला आणि पिंडाकडं बघून मोठ्यानं म्हटलं, "मामंजी, राघूला मी आणते. आजच्या आज आणते. त्याच खुंटीला ठेवते, आन मरेस्तोवर सांभाळते. आता तरी जा!"

सासऱ्यांनी लोणंदच्या भावाकडं बघितलं. लोणंदच्या मामंजींनी खाली मान घातली आणि म्हणाले, "व्हय व्हय. न्हेऊ द्या तिला."

थोड्या वेळानं एक कावळा बाभळीवरून उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली.

काय सांगू! माणसांचे चेहरे उजळले. बायांनी डोळ्याला पदर लावले. कुणी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणे, सून असावी तर अशी. मलाही वाटलं, झालं, एवढं तरी झालं. उशिरा का होईना, त्यांचं ऐकलं गेलं. मी नदीवरून जवळजवळ पळतच घरी आले. आंघोळ केली, ट्रंकेतून ते करडं ब्लँकेट काढलं, झटकलं, घडी केली. सोप्यात जेवणाची पंगत बसत होती. लोणंदचे मामंजी ओट्यावर एकटेच बसले होते. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "चला, दुपारची एसटी धरू. मी तुमच्याबरुबर येते. जेवण काय, आल्यावर जेवीन."

त्यांनी वर बघितलं नाही. ब्लँकेटच्या कोपऱ्याला धरून ते बोटांनी चाचपत राहिले.

"सूनबाई, बस जरा."

"बसायला येळ न्हाई, एसटी जाईल."

"पाखरू न्हाई गं ऱ्हायलं. दादाच्या आधीच गेलं. खानं सोडलं हुतं. वखारीच्या मागं पुरलंय त्येला."

मी म्हटलं, "मग नदीवर 'व्हय' कशाला म्हणालात?"

तेव्हा त्यांनी मान वर केली. भादरलेलं डोकं, सुजलेले डोळे. तो माणूसही रडत होता.

"कावळा शिवत नव्हता, सूनबाई. सगळी खोळंबली हुती. मी काय म्हनायला पायजे हुतं?"

मला ओरडायचं होतं. ते ब्लँकेट त्यांच्या तोंडावर फेकून सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं ओरडायचं होतं. पण आत माणसं समाधानानं बोलत होती. सुभेदार सुटले, सुभेदारांची इच्छा पुरी झाली, कावळ्यानं कसा शब्द ओळखला. माझे सासरेही तेच बोलत होते, आणि कित्येक दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदा मोकळा वाटत होता. मी ब्लँकेट त्या खुंटीला अडकवलं. आतून कुणीतरी भात मागत होतं. मी आत गेले आणि वाढायला लागले.